मुहर्रक ते दोहा

गिऱ्हाईक विचारायचं, "किती वेळ लागतो?"
मी पडद्याकडे न बघता सांगायचो, पन्नास मिनिटं,
त्यातली वीस तर धावपट्टीवरच जातात.
चाकं मिटतात न मिटतात तोच उघडतात,
हवाईसुंदरी रसाचा डबा हातात ठेवते
आणि नळी टोचेपर्यंत परत मागायला येते.
अंतर एकशे पंचेचाळीस किलोमीटर.
आमच्याकडे एवढ्यासाठी यष्टीत डबासुद्धा नेत नाहीत.

गुदैबियातल्या या दुकानात एकोणीस वर्षं
मी लोकांची अंतरं कापत आलोय,
कोळिकोड, ढाका, पेशावर, मनिला.
दोह्याला माझी बहीण होती, मेहरुन्निसा,
इस्पितळात रात्रपाळीची नर्स.
हाकेच्या अंतरावर, असं गावी फोनवर सांगायचो.
हाक अकरा वर्षांत कुणी मारली नाही.

अब्बांची लाँच मी तिला न विचारता विकली होती.
सहीच्या जागी तिचं नाव मीच लिहिलं,
तिच्या वळणाचा म काढताना दोन कागद फुकट गेले.
एवढंच.
"एवढंच?" ती म्हणाली होती, आणि फोन ठेवला होता.
मराठीत बरं आहे, अंतर पडतं म्हणतात,
जणू पिकून आपोआप पडतं,
खाली कुणी काठी घेऊन उभं नसतं.

मग एका जूनमध्ये, ऐन रमजानात, आकाशच बंद झालं.
मुहर्रक ते दोहा टाकलं की
पडद्यावर रिकामी ओळ यायची.
आठवडाभर मी पैसे परत करत बसलो.
एक सुतार तिकीट परत द्यायला आला,
पंख्याखाली बसला, पाणी प्यायला,
आणि तिकीट खिशात घालून निघून गेला.
त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, जाऊन यावं.
हा माझाच स्वभाव की सगळ्यांचा, माहीत नाही.

पुढच्या हिवाळ्यात मस्कतमार्गे काढलं,
माझं मीच, कमिशन न लावता.
आठशे किलोमीटर भलतीकडे, मग सातशे माघारी.
समोरच्या खुर्चीच्या पाठीवर नकाशा होता,
त्यात नखाएवढं विमान
तिच्या शहराला वळसा घालून पुढे निघून गेलं.
मस्कतला सहा तास.
तिथल्या बाकावर मी काय बोलायचं ते ठरवलं,
मग बदललं, मग झोप लागली.

तिने दार उघडलं.
केस पांढरे, कपाळ अब्बांचं.
सांदणं केली होती, नारळाचं दूध वेगळ्या वाटीत.
लाँचबद्दल मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने विचारलं,
माझंच गिऱ्हाईक असल्यासारखं,
"किती वेळ लागला?"
"नऊ तास."

ती आधी नाकातून हसली.
मग औषधाचं रिकामं खोकं फाडून उलटं केलं,
छातीच्या खिशातलं पेन काढलं.
"सागरी मैल किती होतात रे?"
"अठ्ठ्याहत्तर."
"आणि अब्बांची लाँच, माल भरलेला असताना?"
"साडेआठ. वारा पाठीवर असला तर नऊ."
पेशंटचा ताप लिहावा तसा तिने भागाकार मांडला.
पुरा झाला तेव्हा दोघंही खोक्याकडे बघत होतो.
नऊ तास, वर दहा मिनिटं.

"ती दहा नांगर काढायची," ती म्हणाली,
आणि न विचारता माझ्या ताटात आणखी एक सांदण टाकलं.
सहीचं तिने काढलं नाही.
मीही काढलं नाही, हे आता लिहितोय.

आता वाट पुन्हा उघडलीय.
मेहरुन लेकाकडे गेली, टोरांटोला,
ते अंतर मी पडद्यावर बघत नाही.
काल एक पोरगा आला, नवी नोकरी, नवा शर्ट,
"दोहा किती वेळ?"
पन्नास मिनिटं, मी सांगितलं.
तो पैसे मोजत होता तोवर
पावतीच्या कोपऱ्यात माझ्या हाताने
अठ्ठ्याहत्तर लिहिले होते, खाली साडेआठ,
आणि मधे रेघ.